आठ दिवसांचे प्रेषित

चांगुलपणाला गणवेश असतो, हे मला टेक्सासात आल्यावर कळलं. जून उजाडला की डॅलस, ह्यूस्टन, अटलांटा या विमानतळांवर तो दिसू लागतो. भडक केशरी नाहीतर पोपटी टी-शर्ट, पुढे एखाद्या गरीब देशाचा नकाशा, मागे ‘मिशन’, साल आणि बायबलातलं एक वचन, ‘यशया ६:८’. टी-शर्टांच्या आत सोळा-सतरा वर्षांची वीसेक पोरं, त्यांना आवरणारे चार पालक आणि एक गिटार. चाललेत ग्वाटेमालाला, होंडुरासला, एके काळी हैतीलाही. किती दिवस? आठ. त्यातले दोन जाण्यायेण्यात गेले. एक समुद्रकिनाऱ्यावर, कारण इतकी गरिबी बघितल्यावर मन हलकं करावं लागतं. उरले पाच. त्या पाच दिवसांत एका राष्ट्राचं दारिद्र्य, अज्ञान आणि पाप, तिन्ही एकदम निकालात. आमच्याकडे तलाठी सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला याहून जास्त वेळ घेतो.

दान गुपचूप करा, चौकात कर्णे फुंकत करू नका, असं प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात चांगलं खडसावून सांगितलंय. मत्तयाचा तो सहावा अध्याय यांच्या बायबलात छापायचा राहून गेला असावा. किंवा टी-शर्टावर मावला नसेल.

हे मी कुणा धर्मरक्षक सेनेच्या वतीने लिहीत नाही, एवढं आधीच सांगून टाकतो. नाहीतर उद्या कुणीतरी शाल-श्रीफळ घेऊन दारात उभा राहायचा. आमचं घराणं नगरचं, मिशन कंपाउंडातलं. शेजाऱ्यांच्या भाषेत पणजोबा ‘बाटले’. आजी बायबलबाई होती. रविवारची उपासना बुडवली, तर आई आजही सातासमुद्रापलीकडून फोनवर उलटतपासणी घेते. तेव्हा धर्मांतर हा माझ्या तक्रारीचा विषय नाही. माझी तक्रार अशी, की यांच्या हातून तेसुद्धा धड होत नाही.

सुरुवात फेब्रुवारीत होते, पत्राने. ऑफिसातल्या एका सज्जन सहकाऱ्याच्या मुलीचं पत्र दरवर्षी माझ्या टेबलावर येऊन पडतं. वर हसरा फोटो. खाली मजकूर असा, की देवाने माझ्या मनावर ग्वाटेमालाचं ओझं ठेवलं आहे. देवाला उन्हाळी सुट्टीच्या तारखा चांगल्या पाठ असतात. परीक्षेच्या आठवड्यात त्याने कुणाच्या मनावर ओझं ठेवल्याचं ऐकिवात नाही. आणि हे ओझं नेमकं सीमेपलीकडचंच असतं. दक्षिण डॅलसमध्ये दारिद्र्याची काही टंचाई नाही, गाडीने अर्ध्या तासाचा रस्ता आहे. पण तिथे जायला पासपोर्ट लागत नाही, हीच त्या वस्तीची मोठी अडचण असावी. पत्राच्या शेवटी आकडा, दोन हजार डॉलर. त्याखाली दोन चौकोन: पैशाने मदत करीन, प्रार्थनेने मदत करीन. मी इमानेइतबारे प्रार्थनेच्या चौकोनात खूण करतो. मग एक आठवणीचा फोन येतो. दोन चौकोनांपैकी वजनदार कोणता, ते त्या फोनवरून कळतं.

ही एका पोरीची गोष्ट असती तर मी लेखणी उचलली नसती. रॉबर्ट वुथनाऊ या प्रिन्स्टनच्या समाजशास्त्रज्ञाने २००५ च्या पाहणीवरून अंदाज बांधला, की वर्षाला सुमारे १६ लाख अमेरिकन प्रौढ चर्चसभासद अशा यात्रांना परदेशी जातात. प्रौढ! टी-शर्टातली पोरंटोरं यात धरलेलीच नाहीत. आपली पंढरीची वारी डोळ्यांपुढे आणा. फरक इतकाच, की वारकरी विठोबाच्या पायांशी जातो आणि वाटेवरच्या गावांना सुधारण्याचा त्याचा मानस नसतो.

आता हिशेब. १९९८ मध्ये मिच चक्रीवादळाने होंडुरास धुऊन नेलं. घरं पडली. उत्तर अमेरिकेतून विमानं भरभरून ख्रिस्ती स्वयंसेवक घरं बांधायला धावले. पुढे कर्ट व्हर बीक या प्राध्यापकाने पाठपुरावा केला. हा माणूस नास्तिक नाही हो. मिशिगनमधल्या तेव्हाच्या कॅल्विन या ख्रिस्ती महाविद्यालयाचा प्राध्यापक, वर्षानुवर्षं होंडुरासातच राहणारा. त्याला आढळलं ते असं: स्थानिक ख्रिस्ती संस्था होंडुरासच्या मजुरांकडून साधारण २,००० डॉलरमध्ये एक घर उभं करत होती. पाहुण्यांचा एक चमू यायचा, तेव्हा विमानखर्चासकट सरासरी ३०,००० डॉलर उडायचे. एक घर, पंधरा घरांच्या भावात. चौदा कुटुंबं उघड्यावर, पण फोटो झकास! बरं, निदान घरात राहणाऱ्याला परदेशी हातांनी बांधल्याचा काही विशेष आत्मिक लाभ? काडीचाही फरक नाही. आणि परत आलेले स्वयंसेवक, त्यांचं तरी आयुष्य पालटलं ना? तोंडाने बरेच जण म्हणत होते पालटलं, आता आम्ही जास्त दान करतो. संस्थेच्या पावत्या काढल्या, तर तोंडाचा आणि पावत्यांचा मेळ बसेना.

काम तरी कसलं? ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २००८ च्या जुलैत याची काही रत्नं छापली होती. मेक्सिकोतलं एक चर्च एकाच उन्हाळ्यात सहा वेळा रंगवलं गेलं, सहा वेगवेगळ्या चमूंकडून. ब्राझीलमध्ये एका अनाथाश्रमात पोरांच्या फुटबॉलच्या मैदानातच भिंत उभारली, ती पाहुणे गेल्यावर पाडावी लागली. इक्वेडोरमध्ये अख्खं चर्च बांधलं, ते कधी वापरलंच नाही, कारण गावाला ते नकोच होतं. मला त्या मेक्सिकन पाळकाबद्दल फार आदर वाटतो. पाचवा चमू दारात उभा, हातात ब्रश, डोळ्यांत सेवेची आग. भिंतीवरचा चौथ्या चमूचा रंग अजून धड वाळलेला नाही. पाळकसाहेब काय म्हणाले असतील? ‘या, या, किती दिवस वाट बघत होतो!’ सहनशीलतेचं फळ स्वर्गात मिळतं म्हणतात, ते यांना व्याजासकट मिळो.

ज्याने घरी कधी स्वतःच्या खोलीतला बल्ब बदललेला नाही, तो मुलगा तिथे विटा रचतो. ओळंबा कशाशी खातात हे त्याला ठाऊक नाही. ज्याला ठाऊक आहे तो गवंडी बाजूला उभा असतो, थापी हातात, हसू ओठांत. त्याची रोजंदारी बुडाली. पण एका पाहुण्या मुलीने त्याला मिठी मारली आहे, आणि फोटोत तो ‘स्थानिक मित्र’ म्हणून येणार आहे.

भाषेचं काय, असं तुम्ही विचाराल. भाषा कशाला? बाहुल्या आहेत, फुगे आहेत, चेहऱ्यावर फुलपाखरं काढायचे रंग आहेत. शिवाय मूकनाट्य आहे. मूकनाट्याचा साचा ठरलेला: पांढऱ्या कपड्यातला येशू, काळ्या कपड्यातला सैतान, मध्ये एक मुलगी. सैतान तिला आधी दारूकडे ओढतो, मग पैशाकडे, मग फॅशनकडे. समोर धुळीत अनवाणी बसलेल्या पोरांना शेवटच्या दोन मोहांची ओळख त्या दिवशी प्रथमच होते. शेवटी येशू सैतानाला ढकलून देतो, टाळ्या. मग दुभाष्यामार्फत विचारतात, प्रभूला कोण स्वीकारतो? हात वर करा. सत्तर हात वर. वहीत नोंद होते, सत्तर आत्मे वाचले. मागच्या आठवड्यात ओहायोच्या चमूसमोर वर झालेले हातही हेच असणार. हात वर केला की फुगा मिळतो, हे शास्त्र त्या पोरांना कुठल्याही परमार्थशास्त्राच्या पदवीधरापेक्षा चांगलं अवगत आहे.

आणि खरी गंमत पुढेच आहे. हे शुभवर्तमान सांगतात कुणाला? ग्वाटेमालाला! जिथे ख्रिस्ती धर्म १५२४ साली स्पॅनिश तलवारीचं बोट धरून पोचला. इंग्रज वसाहतवाल्यांचं ‘मेफ्लॉवर’ जहाज अमेरिकेच्या किनाऱ्याला लागायला तेव्हा अजून ९६ वर्षं होती. आज तिथे कॅथलिक तर आहेतच, शिवाय या पाहुण्यांच्याच पंथाची चर्चं गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांच्या भजनांना टेक्सासपेक्षा जोर जास्त आहे. आळंदीत जाऊन ज्ञानेश्वर नावाचे एक संत होऊन गेले असं सांगत फिरणाऱ्याला आपण काय म्हणू?

हैतीची गोष्ट मात्र हसण्यापलीकडची. एके काळी हा देश आपला तांदूळ बहुतांशी आपणच पिकवायचा. नव्वदच्या दशकात त्याला आयातशुल्क ३ टक्क्यांवर आणायला लावलं. अमेरिकेचा अनुदानित स्वस्त तांदूळ आत आला, हैतीचा भातशेतकरी बसला. २०१० च्या मार्चमध्ये बिल क्लिंटन यांनी सिनेटच्या समितीपुढे कबूल केलं, की ते धोरण माझ्या अर्कान्सातल्या शेतकऱ्यांच्या सोयीचं ठरलं, पण ती चूक होती. चूक झाली, संपलं. मग अर्कान्साच्याच चर्चमधली पोरं विमानात बसून हैतीला जायची आणि भाताची पाकिटं वाटायची. सरकारने खिसा कापायचा आणि चर्चने मलमपट्टी करायची! त्यातल्या एकाही टी-शर्टावर आयातशुल्काबद्दल अक्षर नसायचं.

त्याच २०१० च्या जानेवारीत भूकंपानंतर दहा अमेरिकन बाप्टिस्ट, बहुतेक आयडाहो राज्यातले, ३३ हैतीयन मुलं बसमध्ये भरून डॉमिनिकन सीमेकडे निघाले. कागदपत्रं नाहीत. अनाथ आहेत म्हणे. पुढे कळलं, की बहुतेकांचे आईबाप जिवंत आहेत. त्यांना सांगितलं होतं, मुलांना शिक्षण देऊ, सुखात ठेवू. सीमेवर अटक झाली. नऊ जण सुटले, म्होरक्या बाईला शिक्षा झाली ती तुरुंगात आधीच काढलेल्या दिवसांइतकी. आता उलटा विचार करून बघा. दहा हैतीयन आयडाहोत उतरले, पुरानंतरच्या गोंधळात ३३ गोरी मुलं बसमध्ये घातली आणि कॅनडाच्या सीमेकडे निघाले. त्यांचं काय झालं असतं? सीमेपर्यंत तरी पोचले असते का?

अनाथांचं अर्थशास्त्र तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय. पाहुणे आले की त्यांना अनाथ बघायचे असतात. अनाथ कमी पडले की बनवावे लागतात. कंबोडियात २००५ नंतरच्या पाच वर्षांत अनाथाश्रमांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. त्या काळात तिथे ना मोठं युद्ध होतं ना मोठी साथ. वाढले ते परदेशी देणगीदार आणि हौशी स्वयंसेवक. आणि युनिसेफच्या पाहणीनुसार तिथल्या दर चार मुलांपैकी साधारण तिघांचा निदान एक पालक जिवंत होता. मागणी तसा पुरवठा. यासाठी कुणाला नोबेल द्यायचं ते ठरवा.

आपल्या अंदमानातला प्रकार तुम्हाला आठवत असेल. २०१८ च्या नोव्हेंबरात जॉन ॲलन चाऊ हा अमेरिकन तरुण पर्यटक व्हिसावर येऊन, मच्छीमारांना २५,००० रुपये देऊन, बाहेरच्यांना मज्जाव असलेल्या नॉर्थ सेंटिनेल बेटावर शुभवर्तमान सांगायला उतरला. भेट म्हणून फुटबॉल, कात्री, सेफ्टी पिना. तो आठ दिवसांच्या सहलीवाला नव्हता, राहायच्या तयारीने गेला होता, एवढं श्रेय त्याला देतो. तिथल्या आदिवासींच्या हातून तो मारला गेला. मरणाची टिंगल करायची नाही. पण १८८० साली पोर्टमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने याच बेटावरची सहा माणसं पोर्ट ब्लेअरला उचलून आणली होती आणि त्यातलं म्हातारं जोडपं बाहेरच्या आजाराने लगेच दगावलं होतं, हे वाचायला कुणाला बंदी नव्हती. चाऊला त्याच्या वर्तुळात हुतात्मा म्हटलं गेलं. अटक झाली ती सात जणांना, त्यांत त्याला नेणारे मच्छीमार. पुण्य याचं, कोठडी त्यांची. या व्यवसायात खर्चाची वाटणी नेहमी अशीच असते.

हे सगळं मलाच पहिल्यांदा सुचलं असंही नाही. १९६८ च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाकाच्या इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने अशाच अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांच्या परिषदेत उभं राहून, त्यांच्याच आमंत्रणावरून, त्यांना तोंडावर सुनावलं होतं: बघायला या, डोंगर चढा, फुलं बघा, शिकायला या, पण उपकार करायला येऊ नका. पोरांनी ऐकून घेतलं म्हणतात. भाषण गाजलं, आजही विद्यापीठांत वाचायला देतात. वाचून होतं आणि मुलं बॅगा भरायला घेतात.

नॉर्वेच्या विद्यार्थ्यांनी याहून शहाणपणा केला. २०१२ साली त्यांच्या सहायता निधीने एक चित्रफीत काढली. थंडीने काकडणाऱ्या बिचाऱ्या नॉर्वेजियनांसाठी आफ्रिकेतले लोक गाणी म्हणत रेडिएटर गोळा करतायत! ती पाहिल्यापासून माझ्या डोक्यात एक योजना घोळते आहे. शेवगाव तालुक्यातली वीस पोरं घ्यायची. एकसारखे टी-शर्ट शिवायचे. डॅलसच्या उपनगरात आठ दिवस उतरवायची. इंग्रजी येत नाही? बाहुल्या आहेत ना. पोरं घराघरांत शिरतील. चारशे चौरस मीटरच्या घरात एकटं जेवणारं लेकरू बघून त्यांना गहिवरून येईल. वृद्धाश्रमातल्या आजीबाईंचे केस विंचरताना फोटो काढतील, परवानगी न विचारता, आणि खाली लिहितील, हिच्याकडे सगळं आहे, फक्त माणसं नाहीत, तरी किती गोड हसते! चर्चची न मागितलेली भिंत गेरूने रंगवतील. शेवटी दोनशे अमेरिकनांना हात वर करायला लावतील. मग शेवगावला परत जाऊन सांगतील, अमेरिका वाचली. मजा म्हणून लिहितोय, पण या वीस पोरांना व्हिसा कोण देणार? तिथेच योजना संपते. करुणेलासुद्धा पासपोर्टाचा रंग असतो.

हसताय? थोडं सबुरीनं. दिवाळीत जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर फराळाची पाकिटं आणि चेन तुटलेल्या जीन्स घेऊन जाणाऱ्या आपल्या मुंबई-पुण्याच्या गाड्या मी पाहिल्या आहेत. वर ड्रोन, खाली रांगेत बसवलेली मुलं, आणि संध्याकाळी सगळे रिसॉर्टवर. टी-शर्ट तिथेही छापलेलेच असतात.

जुने मिशनरी निदान राहायचे. त्यांच्याशी माझं भांडण आहे आणि ते मोठं आहे, पण भांडायला माणूस समोर तरी होता. थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला तो परत गेलाच नाही. चाळीस वर्षं राहिला, इथल्या ओवीत ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं, इथेच मेला. अमेरिकन मराठी मिशनचा गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईला उतरला, मराठी शिकला, आणि १८२६ मध्ये नाशिकच्या दौऱ्यावरून परतताना वाटेत पटकीने गेला. आजचा प्रेषित प्यायचं पाणीसुद्धा बाटलीतलं बरोबर घेऊन जातो. आणि आमच्याच जिल्ह्यातलं जामखेड बघा. रजनीकांत आणि मेबल आरोळे, दोघे ख्रिस्ती, दोघे डॉक्टर, १९७० साली त्या दुष्काळी तालुक्यात जाऊन बसले. गावोगावच्या निरक्षर बायकांना, त्यातल्या कित्येक दलित, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाळंतपण करणं, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी पाजणं, हे त्या बायका शिकल्या आणि पुढच्यांना शिकवू लागल्या. आता जगभरचे लोक जामखेडला शिकायला येतात. त्यांच्या कामाला कधी मूकनाट्य लागलं नाही.

परतीनंतरच्या रविवारी ‘साक्ष’ असते. सहकाऱ्याच्या आग्रहाखातर मीही जाऊन बसलो. चर्चच्या हॉलमध्ये प्रत्येकाने घरून आणलेला एकेक पदार्थ, पडद्यावर फोटो, मागे हळुवार पियानो. मुली रडत होत्या आणि खऱ्या रडत होत्या, त्यात नाटक नव्हतं. एकेक जण माइकपाशी यायचा. त्यांच्याकडे काहीच नाही, तरी किती आनंदी! आणि मग हुकमी वाक्य: आम्ही द्यायला गेलो होतो, पण मिळालं आम्हालाच जास्त. कोर्टात असं बोललं तर त्याला कबुलीजबाब म्हणतात. चर्चमध्ये टाळ्या पडतात. कुणी उठून विचारत नाही, की बाळांनो, तुम्हाला जे जास्त मिळालं ते कुणाच्या पदरचं? ज्या घरात खायला नव्हतं तिथून तुम्ही धन्यता, कृतज्ञता, आयुष्यभराचा अनुभव आणि कॉलेजच्या अर्जासाठी निबंध उचलून आणलात. मागे काय ठेवलंत? भिंत. तीही वाकडी.

कॉफीच्या टेबलापाशी पाळकांनी मला गाठलं. मोठा प्रेमळ माणूस. म्हणाले, ‘ब्रदर, तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसतंय.’ मी होंडुरासचा हिशेब सांगितला. दोन हजार आणि तीस हजार. त्यांनी तो शांतपणे ऐकला. नाकारला नाही, ही त्यांची थोरवी.

‘मग आम्ही काहीच करायचं नाही का?’

‘करा की. पैसे तिथल्या गवंड्याला पाठवा. एकाऐवजी पंधरा घरं होतील.’

‘आणि आमच्या मुलांना अनुभव कसा मिळणार?’

‘म्हणजे घर नेमकं कुणासाठी बांधताय, पास्टर?’

त्यांनी कपात साखर घातली, बराच वेळ ढवळली. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘पुढच्या जूनचं बुकिंग झालंय, ब्रदर. ती तिकिटं परत घेत नाहीत.’